पडद्यावरची म्हैस

(लिंबायत येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'दुग्धव्यवसायातील प्रबोधनासाठी दृक्‌श्राव्य माध्यमांचा वापर' असा छापला आहे. तो मीच लिहून पाठवला होता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? पण काल रात्री तो पुन्हा वाचला आणि वाटलं, माझ्या आईला हे वाचून दाखवलं तर ती विचारील, 'ते ऱ्हाऊ दे, म्हशीचं काय झालं?' म्हणून म्हशीपासूनच सुरुवात करते.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची गावं तापीच्या रेल्वेवर आहेत. उधन्याला गाडीत बसलं की व्यारा, मग नवापूर, जिथे फलाटाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. माझे वडील याच गाडीने शिंदखेडा तालुक्यातून लूमच्या खात्यात कामाला आले. मागे गावी दोन म्हशी राहिल्या, आणि त्या म्हशींपायी आई राहिली. ती आठ-आठ महिने इकडे यायचीच नाही. 'म्हशीले कोन दखी?' हा तिचा प्रश्न, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नसे. आम्ही भावंडं इथे महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, थैलीतलं दूध प्यालो, आणि सुट्टीत गावी जाऊन धारोष्ण दुधाला नाक मुरडलं. पुढे मी तशाच एका मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक संस्था माझ्याकडे आली. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नाही, माझी आहे. त्यांनी पशुपालकांसाठी पाच छोट्या फिल्म गुजरातीत केल्या होत्या. त्यांचं मराठी करून हवं होतं, धुळे-नंदुरबारच्या गावांत दाखवायला. मी मराठीची बाई, घरचं दूध-दुभतं पाहिलेली, सुरतेत राहिल्यामुळे गुजराती येणारी. माझ्याहून योग्य कोण? मलाही तसंच वाटलं.

दुसरी फिल्म नव्या वासराच्या संगोपनाची होती. गुजरातीत शब्द होता 'खीरू'. आता सुरतेत राहणाऱ्याला खीरू म्हटलं की आधी ढोकळ्याचं भिजवलेलं पीठ आठवतं. व्यालेल्या जनावराच्या पहिल्या दुधालाही तिकडे तोच शब्द आहे. मी हसले आणि मराठी केलं: 'नवजात वासरास मातेचे प्रथम दुग्ध जन्मानंतर तासाभराच्या आत पाजावे.' वाक्य शुद्ध आहे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. निवेदकाचा आवाजही भारदस्त होता. 'चीक' हा शब्द मला सुचला नाही असं नाही. सुचला होता. पण फिल्मच्या भाषेत तो जरा गावठी वाटला. खरवसाच्या गप्पांत चालतो, पडद्यावर नको, असं मनात आलं.

फिल्म आमच्याच गावात, मारुतीच्या पारावर, चादर बांधून दाखवली. आई पुढच्या ओळीत बसली होती, कारण शेवटी लेकीचं नाव येणार होतं. फिल्ममधला शेतकरी इस्त्रीच्या कपड्यांत होता, त्याच्या गोठ्यात शेण दिसत नव्हतं. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, 'कोना आंडोर शे हाऊ?' कोणाचा मुलगा हा? सगळे हसले, मीही हसले. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे मला पुढे कळलं.

दीड-दोन महिन्यांनी वहिनीची म्हैस व्याली. वगार झाली. घरात आनंद, कारण वगार म्हणजे पुढची म्हैस. आई म्हणाली, 'जार पडू दे, मंग पाज.' तिच्या सासूने तिला हेच सांगितलं होतं: जार, म्हणजे वार, पडायच्या आधी चीक पाजला तर जार आत अडकतो. जार पडायला रात्र गेली. तोवर वगारीला गुळाचं पाणी दिलं. तिला सकाळी चीक मिळाला, तोही थोडा, कारण खरवस शेजारीपाजारी वाटायचा असतो. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली आणि सहाव्या दिवशी ती गेली.

मी गावी गेले तेव्हा वहिनीला म्हटलं, अगं, आपण फिल्म पाहिली होती ना? ती म्हणाली, 'ताई, तुम्हनी फिल्लम दखी ना मी. पन त्यामा चीक कोठे व्हता?'

पशुवैद्य म्हणाले की एवढ्याच कारणाने गेली असं छातीठोक सांगता येत नाही, गोठ्यातली ओल होती, थंडी होती. ते खरं असेल. पण मला जे समजायचं ते समजलं. मी 'प्रथम दुग्ध' लिहिलं आणि ज्या बाईने ते पाजायचं होतं तिला ते दूध वाटलंच नाही. चीक पिवळा, दाट, चुलीवर ठेवला की थिजणारा. तिच्या लेखी तो दूध नसून चीक असतो. दूध नंतर येतं.

यामागचं शास्त्र थोडक्यात सांगते, कारण विद्यार्थी बसले आहेत. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी द्रव्यं काही प्रमाणात आईच्या पोटातच मिळतात. गाई-म्हशींच्या वासराला ती तशी मिळत नाहीत. वार त्यांना अडवून धरते. वासरू जवळजवळ कोरं जन्मतं. ती सगळी शिदोरी चिकात असते. आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी आत घेऊ शकतं, पण फक्त पहिले काही तास. दर तासाला ते दार लोटत जातं, दिवसभरात बंद होतं. म्हणून घाई. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जावा असं सांगतात, म्हणजे तीस किलोच्या पारडाला तीनेक लिटर. आणि गंमत अशी की वासरू कासेला लागलं की म्हशीच्या शरीरात जो संप्रेरक सुटतो, तोच पान्हा आणतो आणि तोच गर्भाशय आवळतो, त्यामुळे जार पडायला मदतच होते. आईची समजूत आणि शास्त्र बरोब्बर उलट्या तोंडांनी उभे होते, आणि त्या दोघांच्या मधे माझं वाक्य होतं, जे कोणालाच ऐकू गेलं नाही.

निवृत्तीनंतर वेळ होता. मग मी शोधत गेले, हे काम आधी कोणी कसं केलं.

तुम्हाला नवल वाटेल, पण या कामाचा एक फार मोठा प्रयोग मराठीत झाला आहे, तोही १९५६ साली, जेव्हा सुरत आणि पुणे एकाच मुंबई राज्यात होते. पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळं उभी केली. दहा आठवडे, आठवड्याला दोन, असे वीस कार्यक्रम. विसेक माणसांनी एकत्र बसायचं, ऐकायचं, ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचं, आणि प्रश्न निघाले तर ते केंद्राकडे पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ या अभ्यासकाने त्याची पाहणी केली. त्याने मंडळं असलेली गावं तपासलीच, शिवाय नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं तपासली. मंडळांच्या गावांत माणसांची माहिती कितीतरी वाढली होती. नुसत्या रेडिओच्या गावांत फारशी नाही. म्हणजे यंत्र आणून ठेवल्याने भागत नाही, यंत्र बंद केल्यानंतरचा अर्धा तास काम करतो. आमच्या मारुतीच्या पारावर फिल्म संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रोजेक्टर गाडीत ठेवला, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

दुसरा प्रयोग आपल्या गुजरातचा. १९७५ मध्ये इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने खेडा जिल्ह्यात पीज इथे एक लहानसा प्रक्षेपक बसवला आणि गावागावांत सार्वजनिक टीव्ही संच ठेवले. त्याच वर्षी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला, त्याचंच नाव सगळीकडे झालं. मला खेड्याचा धाकटा प्रयोग जास्त शहाणा वाटतो. तिथले निर्माते आधी गावात जाऊन बसायचे, लोकांना काय ठाऊक आहे, काय खुपतं ते विचारायचे, आणि मग कार्यक्रम लिहायचे. चरोतरची बोली पडद्यावर बोलली गेली. गोठा-शेती होतीच, पण मजुरी, दारू, शिवाशिव हेही आले. १९८४ मध्ये त्याला ग्रामीण संज्ञापनाचं युनेस्कोचं पारितोषिक मिळालं.

आणि तिसरा, ज्याची तुम्ही वाटच पाहत असाल: 'मंथन'. १९७६. श्याम बेनेगलांचा हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला, दहा लाख रुपये उभे राहिले. जनावरांचा डॉक्टर झालेले गिरीश कार्नाड, खासगी डेरीवाले अमरीश पुरी, आपले मोहन आगाशे, आणि स्मिता पाटील, जिचं घराणं आपल्या शिरपूरचं. पटकथा विजय तेंडुलकरांची; तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी वाचक तेंडुलकर म्हटलं की 'शांतता!' आणि 'सखाराम' यांवर थांबतो. मी स्वतः बत्तीस वर्षं वर्गात तेंडुलकरांचं नाव घेतलं, पण दूध संघाच्या चित्रपटाचा लेखक म्हणून एकदाही घेतलं नाही. वर्गीस कुरियन यांनी पुढे या चित्रपटाच्या छोट्या प्रती करून गावोगाव पाठवल्या. एक पशुवैद्य, एक दुधाचा तंत्रज्ञ, एक चाऱ्याचा जाणकार अशी तुकडी जायची, सोबत 'मंथन' असायचा. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

पण 'मंथन' मी अलीकडे पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यात म्हशीला किती पेंड घालावी, धार कशी काढावी, हे कुणी शिकवत नाही. दुधाच्या रांगेत कोण कोणाच्या पुढे उभा राहील, दुधाचं माप आणि फॅट कोणाच्या हातात असेल, आणि सरपंच हरेल की नाही, हा त्याचा विषय आहे. तो पाहून माणूस संस्थेत नाव घालतो. आपला डबा घेऊन उभा राहतो. चीक पाजायला तो शिकवत नाही, आणि त्याने शिकवावं अशी अपेक्षाही चूक आहे. तेंडुलकरांना चांगलं ठाऊक होतं की नाटकाने काय होतं. ज्या बाईला दुधाचे पैसे मिळत नाहीत, ते दारूच्या दुकानात जातात, तिला तुम्ही स्वच्छ दुधाची फिल्म दाखवून काय मिळवणार? आधी 'मंथन', मग चीक. आमच्या पाच फिल्मींत पैशांचा उल्लेखच नव्हता.

अलीकडचं एक उदाहरण सांगून हा भाग संपवते. २००६ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात 'डिजिटल ग्रीन' नावाचा उपक्रम सुरू झाला. गावातल्याच शेतकऱ्याची छोटी फिल्म करायची, ती त्याच भागातल्या दहा-वीस जणांना, हातात मावणाऱ्या प्रोजेक्टरवर दाखवायची, आणि दाखवणारा माणूस मधे मधे फिल्म थांबवून प्रश्न विचारणार. त्या लोकांना काय आढळलं? बघणारे आधी विचारतात, हा कोण, कोणत्या गावचा? आमचा पारावरचा म्हातारा तेच विचारत होता. 'कोना आंडोर शे हाऊ?' मी हसले, आणि बंगळुरूच्या लोकांनी ते वहीत लिहून घेतलं.

तर मग दुसरी फिल्म केली. संस्था नाही, पैसे नाहीत, भाच्याचा मोबाइल. वहिनीला म्हटलं, तू बोल. ती म्हणाली, माझं कोण ऐकेल, आधी सासूला विचारा. आणि इथे मला आणखी एक गोष्ट कळली, जी त्या पाच फिल्मींत कुठेच नव्हती. त्या सगळ्या फिल्मी तरुण शेतकऱ्याशी बोलत होत्या, एखादी सुनेशी. पण व्यालेल्या म्हशीपाशी रात्री कंदील धरून जी उभी असते ती सासू. निर्णय तिचा. सुनेला समजावून काय उपयोग, ती उद्या सासूपुढे तोंड उघडणार आहे का?

म्हणजे बोलायला हवी होती माझी आई.

आईने महिनाभर दाद दिली नाही. मी जार-चिकाचं शास्त्र सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मन्ही सासू सांगे, मीबी सांगं. तिना टायमाले काय ढोरं नही जगनात?' तिच्या काळी काय जनावरं जगली नाहीत? याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. जगली होती, मेलीही होती. मेलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. मग एक दिवस, शेजारच्या घरी म्हैस व्यायला आली तेव्हा, भाचा मोबाइल घेऊन गेला. आईही गेली, कारण अशा वेळी तिला बोलावतातच. पारडू उठायची धडपड करत होतं. आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग कोणी न सांगता तिने त्याला उचलून कासेला लावलं. मोबाइलकडे पाहिलंही नाही. पुटपुटली, 'पी, पी. जार पडी तवय पडी.' जार पडेल तेव्हा पडेल.

फिल्म एवढीच आहे. सव्वा दोन मिनिटं. हात थरथरल्यामुळे चित्र हलतं, मागे कुत्रं भुंकतं, आईची अर्धी पाठच दिसते. तिने आपलं चुकलं असं कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण गावात ती पाठ सगळ्यांना माहीत आहे. कोणाचा मुलगा, कोणाची सून, हे कोणी विचारलं नाही. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत आणखी तीन म्हशी व्याल्या. दोन घरांनी जार पडायची वाट पाहिली नाही. तिसऱ्या घरच्या आजीने पाहिली, आणि तिने माझ्या आईबद्दल जे काही म्हटलं ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही.

आता शिक्षक म्हणून एक कबुली. मी चौथीला असताना, म्हणजे चौथीला शिकवत असताना, दरवर्षी 'गाय' किंवा 'म्हैस' यावर निबंध लिहून घ्यायचे. गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे असतात, ती आपल्याला दूध देते. चाळीस वह्या, चाळीस गाई, सगळ्या सारख्या. एका वर्षी एका मुलाने लिहिलं होतं की आजीची म्हैस रुसली, पान्हावली नाही, तिने दूध वर चढवलं, मग आजीने तिला पेंड दाखवली. मी 'दूध वर चढवलं' खाली लाल रेघ मारून समासात 'अर्थ?' लिहिलं. अर्थ असा की भ्यालेली किंवा अस्वस्थ झालेली म्हैस दूध सोडत नाही, आणि पान्हा सुटला की तो पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार काढून व्हायला हवी. जी गोष्ट समजावून द्यायला फिल्मवाले दहा मिनिटं घेतात ती त्या पोराने तीन शब्दांत लिहिली होती. तो आता गोडादऱ्याला साडीच्या दुकानात असतो. भेटतो कधी कधी. मी अजून त्याला हे सांगितलेलं नाही.

शब्दांची एवढी बाजू घेतल्यावर शब्दांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धार काढण्याची रीत घ्या. आपल्याकडे बरेच जण अंगठा दुमडून, त्याच्या पेराने सड दाबून धार काढतात. त्याने सडाला आतून इजा होते आणि दगडीला, म्हणजे कासेच्या आजाराला, वाट मिळते. पूर्ण मुठीत सड धरून काढावी. हे मी चार परिच्छेद लिहून पाहिलं. कोणाला कळेना. मग वहिनीच्या हाताचं जवळून चित्र घेतलं, एकदा अंगठा दुमडून, एकदा मुठीने, आवाज बंद. तिथे कळलं. इथे लेखकाने गप्प बसावं. धार झाल्यावर जनावराला अर्धा तास बसू देऊ नये, सडाचं तोंड उघडं असतं, म्हणून तेव्हाच गव्हाणीत वैरण टाकावी. हे मात्र सांगावं लागतं, कारण 'का' हे चित्रात दिसत नाही.

मोबाइलचं कौतुक करताना २०२२ आठवतं. लम्पी आला तेव्हा खानदेशातल्या गोठ्यांत गाठी उठलेली जनावरं उभी होती आणि आमच्या घरच्या गटावर एकाच दिवसात सात ध्वनिफिती आल्या. दूध पिऊ नका, माणसाला होतो. इथे लिंबायतमध्ये रतीब बंद केलेली घरं मला माहीत आहेत. हा रोग जनावरांचा आहे, माणसाला होत नाही, हे सरकारी पत्रकात छापून आलं, तेही शुद्ध मराठीत, 'प्रादुर्भाव' आणि 'संक्रमण' घालून. अफवा मात्र चक्क अहिराणीत होती, कोणीतरी मामा बोलत होता, 'भाऊ, ऐक.' तुम्हीच सांगा, कोणाचं ऐकलं गेलं असेल? सरकारने २०२० मध्ये पशुपालकांसाठी ॲप काढलं, ई-गोपाला. त्यात पुष्कळ कामाची माहिती आहे. मी ते वहिनीच्या मोबाइलवर घालून दिलं. तिने ते उघडलं, दोन पानं पाहिली आणि भावाच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला.

सध्या तिसऱ्या फिल्मवर अडकले आहे, आणि इथे लेखक मंडळी आहेत म्हणून मदत मागते. विषय माजाचा आहे. म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. गाय हंबरते, उड्या मारते, कळतं. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, रात्री-पहाटे येतो आणि निघून जातो. तो हुकला की एकवीस दिवस गेले: चारा चालू, पेंड चालू, दूध नाही. असे तीन-चार माज हुकले की भाकड काळ वाढतो आणि घराचा हिशेब कोसळतो. कृत्रिम रेतनाची सोय दाराशी आहे. उरुळीकांचनला १९६७ मध्ये बाएफ संस्था काढून हे काम गावागावांत नेणारे मणिभाई देसाई तर मूळ आपल्याच सुरत जिल्ह्यातल्या कोसमाड्याचे. पण डॉक्टरला बोलवायला आधी माज ओळखावा लागतो, आणि तो सगळ्यात आधी ओळखते गोठ्यात वावरणारी बाई. तिला सोट दिसतो, म्हशीची नजर दिसते, दूध कमी झालेलं हातालाच कळतं.

आणि ती हे सांगत नाही. सासऱ्यासमोर, दिरासमोर 'माज' हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही. डॉक्टरला फोन करायचा तर नवरा घरी येईपर्यंत थांबते. तोवर बारा-चौदा तास गेलेले असतात. आमच्या घरी आई म्हणायची, 'म्हैस आज बरी नही.' वडिलांना कळायचं, आम्हा मुलांना वाटायचं म्हैस आजारी आहे. शेजारी म्हणतात, 'फळवायला न्यायची'. कोणी नुसतं 'म्हशीचं बघा' म्हणतं. सरकारी फिल्मींत 'ऋतुचक्र' असतं, ते ऐकून बायका उठून जातात.

मला असा शब्द हवा आहे जो सून सासऱ्यासमोर उभी राहून म्हणू शकेल आणि फोनवर डॉक्टरलाही नेमका कळेल. आठवीच्या मुलींना मी घरी आजीला विचारायला सांगितलं. पंधरा मुलींनी अकरा शब्द आणले, त्यांतले चार मी पहिल्यांदाच ऐकले. दोन वहीत लिहायला मुली तयार नव्हत्या, त्यांनी माझ्या कानात सांगितले. यादी मी सोबत आणली आहे, चहाच्या वेळी दाखवते. परवा वहिनीचा निरोप आला, बोलून पाठवलेला. म्हणाली, 'ताई, शब्द राहू द्या. मी दाराला लाल चिंधी बांधते, डॉक्टर रस्त्यावरून जाताना बघतात आणि आत येतात. गल्लीतल्या तिघींनी बांधायला सुरुवात केली आहे.'

आता ही चिंधी मी पडद्यावर घ्यायची की नाही, यावर आमच्या घरात वाद चालू आहे. आई म्हणते घे. वहिनी म्हणते, घेतलीत तर उद्या सगळ्या गावाला कळेल की लाल चिंधी म्हणजे काय, आणि मग ती बांधायची कशी?